किल्ली कुणाच्या कमरेला?

सौराष्ट्रातल्या जुन्या शेतकरी घरात ओसरी ओलांडून आतल्या खोलीत शिरलं, की अंधाराला डोळे सरावायच्या आत नजर अडते ती पटाऱ्यावर. छातीइतका उंच, दोन्ही हात पसरले तरी कवेत न येणारा, सागवानी किंवा शिसवी लाकडाचा. दर्शनी बाजूला पितळेच्या नाहीतर लोखंडाच्या पट्ट्या एकमेकींना छेदत गेलेल्या, त्यांच्या चौकटींत ठोकून उठवलेली फुलं, कडेनं गोल डोक्यांच्या खिळ्यांची रांग. खाली चार जाड लाकडी चाकं. शेजारी डामचिया, म्हणजे अंथरुणं रचायची घडवंची, आणि तिच्यावर आढ्याकडे चढत गेलेली गोधड्यांची चळत. भिंतीवर भरतकामाचे चौकोनी चाकळे, दारावर मण्यांचं तोरण, वरच्या फळीवर घासूनपुसून लखलखीत केलेली पितळी भांडी. या खोलीतलं बहुतेक सगळं सामान घरातल्या सुना माहेरून घेऊन आलेल्या असत.

आज हाच पटारा मुंबईतल्या उंच इमारतींच्या दिवाणखान्यांत, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, गोव्यातल्या जुन्या बंगल्यांची हॉटेलं झाली त्यांच्या प्रवेशदाराशी दिसतो. वर दिवा, शेजारी कुंडी, मागे एखादं मोठं चित्र. इंटिरियर डिझायनर त्याला ‘स्टेटमेंट पीस’ म्हणतात. तो शोभतो, यात वादच नाही. प्लायवूड आणि सनमायक्याच्या घरात हातानं घडवलेलं एक जाड, जुनं लाकूड आलं की सगळ्या खोलीला वजन येतं. पण ही पेटी घरात आणायची तर ती कुणाची होती, कशासाठी होती आणि आपल्यापर्यंत कुठल्या वाटेनं आली, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. आणि घरात आल्यावरही ती पेटी म्हणूनच नांदायला हवी.

आण्याचा पटारा

काठियावाडात आणि कच्छमध्ये लग्नं लहान वयात होत, तेव्हा मुलगी लग्नानंतरही काही वर्षं माहेरीच राही. मोठी झाली की सासरचे तिला न्यायला येत. या पाठवणीला तिकडे ‘आणुं’ म्हणतात. लग्न आणि आणुं यांच्या मधल्या वर्षांत पोर, तिची आई, काकू, आजी मिळून भरत असायच्या: चाकळे, तोरणं, चंदरवे, घागरे, चोळ्या, बैलांच्या पाठीवरच्या झुलीसुद्धा. कणबी आणि काठी घरांत मण्यांचं कामही होई. त्यातले काचेचे बारीक मणी इटलीतल्या व्हेनिसहून निघून झांझिबारच्या व्यापाऱ्यांमार्फत काठियावाडच्या बंदरांवर उतरत. एखाद्या खेड्यातल्या वधूच्या तोरणात असा अर्धा हिंदी महासागर ओवलेला असे.

हे सगळं ठेवायला बाप सुतार गाठायचा. लाकूड बऱ्याचदा मलबारचं सागवान, गलबतांतून पश्चिम किनाऱ्यानं वर आलेलं. सुतारानं सांगाडा उभा करायचा, लोहारानं पट्ट्या, कड्या, कोयंडे घडवायचे. पट्ट्यांनी शोभा येते, पण त्यांचं मूळ काम सांधे आवळून धरायचं आणि चोराची पहार लवकर आत जाऊ न देण्याचं. चाकांचा हेतूही साधा आहे. भरलेला पटारा चार माणसांनाही उचलत नाही, सारवणासाठी मात्र तो हलवावाच लागतो.

काही पटाऱ्यांचं झाकण वरून उघडतं. मजूस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेट्यांना पुढच्या अंगाला एक लहानसं दार असतं. इतकं लहान, की आतलं काढायचं तर वाकून खांद्यापर्यंत हात घालावा लागतो. आजच्या माणसाला ही गैरसोय वाटते. पण पेटीच्या डोक्यावर गाद्या-गोधड्यांची रास कायमची रचलेली असेल, तर वरचं झाकण काय कामाचं? शिवाय लहान दारापुढे एक माणूस बसला की दुसऱ्याला आतलं दिसत नाही. आत काय आहे हे फक्त उघडणारीला कळावं, अशी ती रचना आहे.

उघडणारी म्हणजे जिची पेटी ती. एकत्र घरात धान्य सासूच्या ताब्यात, दूधदुभतं सासूच्या ताब्यात, पैसाअडका पुरुषांच्या हाती, जमीन त्यांच्याच नावावर. नव्या सुनेचं म्हणावं असं त्या चौसोपी पसाऱ्यात काय होतं? हा एक पटारा आणि त्याची किल्ली. ती किल्ली तिच्या कमरेला असे. आतल्या वस्तू दुष्काळात विकता येत, मुलीच्या लग्नात काढता येत, नवऱ्यामागे पोरं वाढवायला उपयोगी पडत. आपल्याकडे ज्याला स्त्रीधन म्हणतात त्याचं हे लाकडी रूप.

दुसरी बाजू

पटाऱ्याचं कौतुक करताना हेही सांगायला हवं, की बापानं मुलीला पटारा दिला तो बहुधा जमिनीच्या ऐवजी. मुलाला शेत, घर, बैल. मुलीला लाकडी पेटी आणि तीत मावेल तेवढं. जी वस्तू हलवता येते ती मुलीची आणि जी हलत नाही ती मुलाची, अशी वाटणी देशभर होती. महाराष्ट्रही त्याला अपवाद नव्हता. आपल्याकडे रुखवत मांडलं गेलं, भांड्यांवर नावं घातली गेली आणि त्याच मांडवात मागच्या खोलीत हुंड्याच्या रकमेवरून घासाघीसही झाली.

प्रेमानं दिलेल्या भरतकामाचंही ओझं होऊ शकतं, याचं उदाहरण कच्छमध्येच आहे. ढेबरिया रबारी समाजात सासरकडून भरतकामाची मागणी इतकी वाढली, की ती पुरी करता करता मुलींची पाठवणी वर्षानुवर्षं लांबू लागली. बायका तिशीत पोचल्या तरी माहेरीच भरत बसलेल्या. शेवटी 1995 मध्ये समाजाच्या पंचांनी हाताच्या भरतकामावर बंदीच घातली. जगभरची संग्रहालयं ज्या कलेसाठी पैसे मोजत होती, ती कला तिच्या घरच्यांनीच थांबवली, कारण तिची किंमत मुली आपल्या वयानं मोजत होत्या. बायकांनी मग शिवणयंत्रावर तयार फिती आणि लेस जोडून नवी नक्षी काढली. हात स्वस्थ बसले नाहीत, पण जुना टाका त्यांच्या अंगावरून उतरला.

हुंडा प्रतिबंधक कायदा 1 जुलै 1961 पासून लागू आहे. तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार 2022 या एका वर्षात देशात सहा हजारांहून अधिक हुंडाबळी नोंदले गेले. याच कायद्याखाली 1985 मध्ये आलेले नियम सांगतात, की लग्नात वधूला मिळालेल्या भेटवस्तूंची सहीनिशी यादी करून ठेवावी. त्याच वर्षी प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की स्त्रीधन सासरच्या घरात ठेवलेलं असलं तरी मालकी तिचीच. नवऱ्यानं वा सासरच्यांनी ते परत द्यायला नकार दिला तर तो फौजदारी विश्वासघात ठरतो. कमरेच्या किल्लीला कायद्यानं दिलेला हा आधार. पण यादी करायची रीत आपल्याकडे रुजली नाही, आणि कोर्टात उभं राहावं लागतं तेव्हा तीच नसते.

सगळ्याच पेट्या लग्नाच्या नव्हेत

बाजारात कुठलीही जुनी लाकडी पेटी आज ‘डाउरी चेस्ट’ या नावानं विकली जाते. खरं तर या एका नावाखाली अनेक कुळं मिसळलेली आहेत.

उत्तर केरळात तलश्शेरीजवळच्या नेट्टूर गावावरून ओळखली जाणारी नेट्टूर पेटी घ्या. आकारानं लहान, शिसवीची, देवळाच्या छपरासारखं उतरतं झाकण आणि कोपऱ्याकोपऱ्यावर घडवलेलं पितळ. ही दागिन्यांची पेटी. मलबारातल्या मातृवंशीय नायर घरांत मुलगी लग्नानंतरही आपल्या तरवाडाची, म्हणजे आईकडच्या एकत्र घराची, हक्काची सदस्य राही. तिथल्या पेटीला ‘हुंड्याची पेटी’ म्हणणं म्हणजे त्या बायकांच्या आयुष्याबद्दल चुकीचं सांगणं. कोचीच्या मट्टनचेरीत ज्यू टाउनच्या दुकानांतून अशा पेट्या आजही मिळतात. त्यांतल्या कित्येक नव्या असतात, आणि नवी म्हणूनच घेतली तर त्यात गैर काही नाही.

दुसरं कूळ दर्यावर्दी पेट्यांचं. मलबार, सुरत आणि मुंबईत बनलेल्या, पितळी खिळ्यांनी मढवलेल्या शिसवी पेट्या गलबतांवरून ओमान, कुवेत, बहारीन आणि झांझिबारला जात. ओमानमध्ये तिला मंदूस म्हणतात आणि तिथे ती खरोखर नवरीच्या सामानाची पेटी झाली. म्हणजे सुतार आपला, लाकूड आपलं, सासर अरबस्तानातलं. नाखवे आपला पैसा, कागद आणि बदलीचे कपडे तसल्याच पेट्यांत ठेवत.

मुनीमजींची उतरत्या झाकणाची गल्ल्याची पेटी वेगळी, देवळाची भांडारपेटी वेगळी. आपल्याकडच्या वाड्यांत माजघरात संदूक असे. बाईची स्वतःची मात्र बहुधा एक छोटी वस्तू: फणेरपेटी. झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा, खाली खणांमध्ये फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी. कुंकू कोरडं असे, म्हणून आधी कपाळावर मेणाचं बोट टेकवायचं आणि मग कुंकू. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा घरगुती वस्तूंना राजेशाही वस्तूंइतकाच मान आहे. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) आणि कमलाबाई यांनी गावोगाव हिंडून, पदरमोड करून दिवे, अडकित्ते, दारं, वज्री, फण्या जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाचं नाव या संग्रहाला दिलं आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. सामान्य बाईच्या हातातली वस्तू हा इतिहासाचा ऐवज आहे, हे मराठी माणसाला डोळ्यांनी दाखवणाऱ्यांत ते अग्रभागी होते.

आणखी एका पेटीचा उल्लेख करायलाच हवा, कारण ती बाजारात कधीच दिसणार नाही. कच्छच्या बन्नी भागात आणि रबारी वस्त्यांत ज्यांना सागवान परवडत नसे, त्या बायका माती आणि शेणाच्या काल्यातून हातानंच साठवणीची कपाटं उभी करत. कोठलो आणि मजूसलो ही त्यांची नावं. वर मातीचीच नक्षी, नक्षीत बसवलेले आरशाचे तुकडे. सुतार नाही, लोहार नाही, बापाचा खर्च नाही. बनवणारी तीच आणि वापरणारीही तीच. ती हलवली की फुटते, म्हणून व्यापाऱ्याच्या टेंपोत ती चढली नाही. ज्या घरात ती घडली त्याच घरात संपली.

गावाकडून गल्लीकडे

मग पटारे घराबाहेर पडले कसे? पहिला धक्का पत्र्याच्या ट्रंकेनं दिला. ती हलकी, स्वस्त, रेल्वेत बाकाखाली सरकणारी. 1923 मध्ये गोदरेजनं पोलादी कपाटं बनवायला सुरुवात केली आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत लग्नात द्यायची वस्तूच बदलली. आरसा, चोरखण आणि फिरवायची मूठ असलेलं कपाट नवरीबरोबर ट्रकमधून जाऊ लागलं. सुनेनं किल्ली तीच ठेवली, कुलूप बदललं.

सिमेंटची घरं आली तेव्हा पटारा दारातून आत जाईना. खेड्यातून राजकोट, सुरत, मुंबईला गेलेल्या मुलांच्या दोन खोल्यांत त्याला जागा नव्हती. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानं कच्छमधली हजारो जुनी घरं पाडली. ढिगाऱ्यातून निघालेल्या दारांना, खांबांना, पेट्यांना नव्या पक्क्या घरांत जागा उरली नव्हती, आणि गरजवंताला भाव विचारायची सोय नसते. तमिळनाडूत चेट्टीनाडच्या हवेल्यांचीही काहीशी हीच कथा. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातला धंदा बुडाला, घराण्यांचे वारस वाढत गेले, वाटण्या झाल्या आणि ब्रह्मी सागाचं सामान कारैकुडीच्या मुनीश्वरन कोविल रस्त्यावरच्या दुकानांत आलं.

मुंबईत हा माल येतो दोन ठिकाणी. एक भेंडी बाजारालगतची मटण स्ट्रीट, जिला सगळे चोर बाजार म्हणतात. शुक्रवारी तिथली पक्की दुकानं बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. दुसरं ठिकाण जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार. पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार सुट्या वस्तूंचा: कड्या, कुलपं, बिजागऱ्या. पटाऱ्याची हरवलेली कडी शोधायची तर तिथेच जावं.

जोगेश्वरीच्या गल्लीत

ओशिवऱ्याच्या एका कारखान्यात मी पाहिलेला पटारा पाठीवर उताणा पडला होता. चाकं काढून बाजूला ठेवलेली. त्यातल्या एकाला नवी लाकडी चकती जोडायचं काम चालू होतं. तळाच्या फळ्यांवर वाकसानं तासल्याचे उथळ घाव अजून दिसत होते. ज्या बाजूला कुणी पाहणार नाही तिथे सुतारानं रंधा मारायचे कष्ट घेतले नव्हते आणि ते योग्यच होतं. पुढच्या लहान दाराच्या खालच्या काठावर लाकूड बोटभर झिजून गुळगुळीत झालं होतं. आतबाहेर करणाऱ्या हाताचं मनगट दरवेळी तिथेच टेकत गेलेलं. आतल्या फळीवर कुंकवाच्या बोटांचे लालसर ठसे होते, पूजेच्या दिवशी उमटवलेले. कारागीर उत्तर प्रदेशातून आलेला. तो जुनी पट्टी न काढता तिच्याखाली भुसा आणि सरसाचं मिश्रण भरत होता, हळूहळू, पट्टी वाकणार नाही अशा बेतानं. हा दुरुस्तीचा चांगला नमुना.

दोन दुकानं पलीकडे वाईट नमुनाही होता. तिथे पटाऱ्याची दर्शनी बाजू तेवढी करवतीनं कापून घेतली होती. ती होणार होती एखाद्या बारचा पुढचा भाग. उरलेल्या फळ्या कोपऱ्यात टेकवलेल्या. दुसऱ्या एका पेटीचं झाकण कापून तिथे काच बसवली होती, चहाचं टेबल म्हणून. तिसरी कॉस्टिकच्या पाण्यानं धुऊन इतकी फिकट केली होती, की सागाचा रंग, तेल, धूर, हातांची झीज सगळं एकदम निघून गेलं होतं. वर मागणीप्रमाणे पांढुरका रंग. शंभर वर्षांत लाकडानं जे कमावलं ते एका दुपारी गटारात गेलं.

कापलेला पटारा पुन्हा जोडता येत नाही. म्हणून घेणाऱ्यानं आधी ठरवावं, की आपल्याला पेटी हवी आहे की नक्षीची फळी. फळी हवी असेल तर नवी कोरून घ्या. जोधपूरच्या कारखान्यांत आणि सहारनपूरच्या सुतारांकडे उत्तम हात आहेत, त्यांना काम मिळेल. जुनी धड पेटी त्यासाठी मोडू नका.

पारख

जोधपूरचा उल्लेख आला म्हणून पारखेविषयी थोडं. जुन्या दिसणाऱ्या नव्या पेट्या बाजारात भरपूर आहेत, आणि जुन्या दारा-खिडक्यांच्या लाकडातून जुळवलेल्या पेट्या त्याहून अधिक. विक्रेता तसं सांगून विकत असेल तर तो प्रामाणिक धंदा आहे. न सांगता विकत असेल तर आपले डोळे हवेत.

पेटीचं तोंड पाहू नये, पाठ पाहावी. मागच्या आणि तळाच्या फळीवर हातकरवतीच्या खुणा सरळ पण कमी-जास्त अंतरावर असतात. यंत्राच्या गोल करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळतात. फुलीच्या खाचेचा स्क्रू 1930 च्या दशकाआधी नव्हताच. तो एखाद्या जागी असेल तर नंतरची दुरुस्ती, सगळीकडे असेल तर पेटीच अलीकडची. जुन्या लोखंडी खिळ्याभोवती सागात काळा डाग पसरलेला असतो, तो रंगवून हुबेहूब येत नाही. झीज जिथे हात लागतो तिथेच हवी: कडीखाली, दाराच्या काठावर, झाकणाच्या पुढच्या कोपऱ्यांवर. सगळ्या अंगावर सारखी झीज असेल तर ती पॉलिशपेपरची. एका अंगाला नक्षी मध्येच तुटलेली दिसली, किंवा बिजागरीची जुनी खाच भलत्याच जागी बुजवलेली दिसली, तर ती फळी आधी दुसऱ्या कशाचा तरी भाग होती.

कायद्याचंही भान असावं. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार खाजगी माणसाला नाही. अमेरिकेत वा लंडनमध्ये राहणाऱ्या मुलाकडे आजीची पेटी पाठवायची असेल, तर ती पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावा लागतो. शिसवीच्या कुळातल्या सगळ्या लाकडांवर 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत. पेटीवर हस्तिदंताचं जडावकाम असेल तर देशातही ती विकत घेऊ नये. तो व्यापार वन्यजीव कायद्यानं बंद आहे, आणि तसा तो बंद असणंच योग्य.

घरात नांदवताना

पटारा घेण्याआधी दारं, जिना आणि लिफ्ट मोजा. आपल्याकडच्या कितीतरी पेट्या इमारतीच्या पार्किंगमध्ये अडकून परत गेलेल्या आहेत. फरशीवर चाकांखाली रबराच्या किंवा जाड नमद्याच्या चकत्या द्या. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आणि एसीत आकसतं. त्यामुळे दार जूनमध्ये घट्ट बसलं म्हणून त्याला रंधा मारू नये, दिवाळीपर्यंत थांबावं. भिंतीपासून चार बोटं अंतर असावं, म्हणजे ओल चढत नाही आणि मागून वाळवीची माती दिसते. पेटीखाली बारीक, ताजा भुसा पडलेला दिसला तर आत किडा जिवंत आहे. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी छिद्रांत सोडून, पेटी पूर्ण सुकवून मगच वापरावी.

पितळ रोज चिंच-मिठानं किंवा पितांबरीनं घासू नये. दर घासणीला ठोकून उठवलेलं फूल थोडं थोडं सपाट होतं. मऊ कोरड्या फडक्यानं पुसावं, वर्षातून एकदा लाकडाला मेण द्यावं, चकाकणारं जाड पॉलिश टाळावं.

आता पेटीत काय ठेवायचं? कपडेच. गोधड्या, शाली, पैठण्या, आईच्या लुगड्यांचे जपून ठेवलेले तुकडे. सागासारख्या लाकडातून सुटणाऱ्या आम्लानं कापडावर डाग पडतात, म्हणून आतून धुतलेल्या मांजरपाटाचं अस्तर द्यावं, जरीची साडी मलमलच्या फडक्यात गुंडाळावी आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर जर घडीवरच तुटते. डांबराच्या गोळ्या जरीशेजारी नकोत. वेखंडाची पुरचुंडी पुरते, आपल्या आज्यांनी तेच केलं.

पलंगाच्या पायथ्याशी बुटकी पेटी, प्रवेशाशी उंच पटारा, मुलांच्या खोलीत खेळण्यांसाठी साधी संदूक, या सगळ्या जागा योग्य आहेत. अट एकच, पेटी उघडत राहिली पाहिजे. महिन्यातून एकदा उघडलेली पेटी हवा खाते, तिचं बिजागर चालतं राहतं, कीड वेळेत सापडते. वर मूर्ती, फुलदाणी, पुस्तकं रचून कायमची बंद झालेली पेटी आतून मरते. संग्रहालयात वस्तू जपायच्या असतात म्हणून ती हाताळू देत नाहीत. घरात ती हाताळली तरच जपली जाते.

नाव आणि नावावर

या बाजारात पेटी हातोहात जाते: गावातला भंगारवाला, तालुक्याचा दलाल, शहरातला व्यापारी, डिझायनर, मग आपण. प्रत्येक हाताला भाव वाढतो आणि प्रत्येक हाताला एक गोष्ट गळते. आधी बाईचं नाव जातं, मग घराण्याचं, मग गावाचं. आपल्यापर्यंत येते ती ‘गुजराती, जुनी’ एवढीच ओळख. हे थांबवणं अवघड नाही. विकत घेताना विचारावं, की कुठल्या गावची, कुठल्या समाजाच्या घरातून, कधी आणली. जे कळेल ते तारखेसह एका कागदावर लिहून पेटीतच ठेवावं. गिऱ्हाईक विचारू लागलं की दुकानदार विचारू लागतो, दुकानदार विचारू लागला की दलालाला लक्षात ठेवावं लागतं. आपल्या स्वतःच्या घरातल्या पेट्यांची, कपाटांची, फणेरपेट्यांची माहिती तर सांगणाऱ्या बायका हयात आहेत तोवर लिहून घ्यायलाच हवी. या दिवाळीला माळा आवरताना ते काम सहज होईल.

दुसरं काम मोठं आहे. महाराष्ट्रानं 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, आणि 2005 मध्ये तो कायदा देशभर आला. 2021 पासून आपल्या राज्यात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. तरीही हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेताना आपल्या हाताला कंप सुटत नाही. जमिनीतला वाटा नाकारून त्याच्या बदल्यात दिलेली वस्तू म्हणजे पटारा, हे एकदा समजून घेतलं, तर तो दिवाणखान्यात ठेवणाऱ्या घरावर एक जबाबदारी येते. पटारा जरूर आणा, जपा, वापरा, लेकीला द्या. पण त्याआधी तिचा वाटा सातबाऱ्यावर चढवा.